राहिलेली चौथी नळी

घराजवळच्या दंतवैद्याने एक्स-रेवर नुसती नजर टाकली आणि दाढ काढावी लागेल असं सांगून टाकलं. काकूंनी बरं म्हटलं, बाहेर आल्या आणि तडक बस पकडून चिमणीचा दवाखाना गाठला. ही दाढ त्यांच्या नवऱ्याने, डॉक्टरांनी, बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने वाचवली होती. डॉक्टर जाऊन आता सहा वर्षं झाली. कपडे वाटून झाले, पुस्तकं कॉलेजला गेली, दवाखान्याच्या जागी चष्म्याचं दुकान आलं. त्यांच्या हातचं असं आता एवढंच उरलं होतं, आणि ते काकूंना गमावायचं नव्हतं.

चिमणी ही डॉक्टरांची विद्यार्थिनी. बोटं एवढीशी, शेवटच्या दाढेपर्यंत सहज पोचायची, म्हणून त्यांनीच ठेवलेलं नाव. आता तिचेही केस पिकायला लागले होते. एक्स-रे दिव्यासमोर धरून ती म्हणाली, सरांनी मुळांतल्या तिन्ही नळ्या सुरेख भरल्यात, पण चौथी राहिलीय.

काकूंना हे तोंडपाठ होतं. डॉक्टर जेवता जेवता ताटात बोटाने दाढ काढून दाखवायचे. वरच्या दाढेला मुळं तीन, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा आणखी एक नळी दडलेली असते, केसाएवढी. ती राहिली की आत जंतू राहतात आणि कधीतरी दाढ पुन्हा ठणकते. चार आहेत असं धरूनच शोधा, असं ते मुलांना बजावत.

"सर कसे विसरले?" चिमणी पुटपुटली.

"ते नाही गं विसरले. मीच हात वर केला."

डॉक्टरांचा नियम होता, पेशंटने डावा हात वर केला की थांबायचं. घरच्या माणसाचा नंबर अर्थातच सगळ्यांत शेवटी. त्या दिवशी सकाळपासून उभे असलेले डॉक्टर सारखे कंबर दाबत होते, ते काकूंना खुर्चीतून दिसत होतं. ठणका गेला, पुरे, घरी चला, असं त्या चक्क खोटं बोलल्या. पुढे दाढ खरंच गप्प बसली, आणि डॉक्टरांनी चौथ्या नळीचा विषय काढला की त्या हसून उडवून लावत.

चिमणीने दाढ बधिर केली, भिंग लावलं आणि जुनं भरण उकरायला घेतलं. काकूंनी उजव्या हाताने डावा हात घट्ट धरून ठेवला. बऱ्याच वेळाने चिमणी थांबली.

"काकू, इथे सरांनी टोकरायला सुरुवात केलेली दिसते, खूण आहे. अगदी बरोबर जागी. जरा आणखी खोल गेले असते, तर सापडली असती."

तिची बारीक सुई त्या जागेतून अलगद आत उतरली. म्हणजे दाढ राहणार होती. आता भरण घालून ती खूण झाकते, असं चिमणी म्हणाली.

तेव्हा काकूंनी डावा हात वर केला आणि पर्सकडे बोट दाखवलं. पर्समधला चष्मा लावून, चिमणीने दिलेल्या आरशात त्या डॉक्टरांच्या हातचा तो तपकिरी ठिपका पाहत राहिल्या. चिमणी दिवा धरून मागे उभी होती. घरी जायची घाई आज कुणालाच नव्हती.