ताकदीच्या गोळ्या

परदेशातून घरचं माणूस आलं की आपली नजर आधी कुठे जाते? माणसाकडे की सामानाकडे? खरं उत्तर देताना आपल्यापैकी बऱ्याच जणांना खाली बघावं लागेल.

क्रिसांतोची थोरली बहीण लुडिविना गावच्या संताच्या जत्रेला अमेरिकेतल्या हवाई बेटांवरून आली. त्याने तिला मिठी मारली खरी, पण डोळे मागच्या खोक्यांवर होते. मनांग, म्हणजे आपली ताई, केवढी सुकली आहे, चार पावलांत तिला धाप लागते, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या सकाळपासून दारात रीघ लागली. चॉकलेटं, साबण, मांसाचे डबे, टॉवेल! परदेशातून आलेल्याच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने परत गेलं, तर फिलिपिन्सच्या इलोकोस भागातल्या त्या गावात अख्ख्या घराण्याची नाचक्की. क्रिसांतो शेजारी उभा राहून लोकांना हाका मारत होता. देणारी ती, मिरवणारा हा!

"एवढंसंच चॉकलेट होय गं लुडी?" शेजारची पुरिता म्हणाली. "मोठ्या हॉटेलात असतेस ना म्हणे?"

लुडिविना हसली. त्या हॉटेलात ती लोकांच्या खोल्या झाडते, हे तिने कधी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

खोकी रिकामी झाली आणि नेमकी तेव्हाच गविना आजी काठी टेकत आली.

"मनांग, आजीला काहीतरी दे," क्रिसांतो कुजबुजला.

"काही उरलं नाही रे."

"असं कसं? पर्समध्ये बघ ना! म्हातारी रिकामी गेली तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

लुडिविना त्याच्याकडे बघत राहिली. मग आत गेली आणि एक पुडी घेऊन आली. "आजी, अमेरिकेच्या ताकदीच्या गोळ्या. रोज एक घ्या."

क्रिसांतोची मान ताठ झाली.

जत्रेच्या मिरवणुकीत चालता चालता लुडिविना कोसळली. तोंड वाकडं झालं, उजवं अंग लुळं पडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या का?"

"तिला कसला रक्तदाब? अमेरिकेत राहते ती!" क्रिसांतो म्हणाला.

तेवढ्यात गविना आजी भेटायला आली. तिच्या हातात ती पुडी होती. "क्रिसांतो, या ताकदीच्या गोळ्या परत घे बाबा. एक घेतली की डोळ्यांपुढे अंधारी येते."

डॉक्टरांनी पुडी उघडून पाहिली. "आजी, या ताकदीच्या नाहीत. रक्तदाबाच्या आहेत!"

आता कुठे क्रिसांतोला उमगलं. त्याच्या बहिणीने त्याची लाज राखायला स्वतःचं औषध देऊन टाकलं होतं!

"अरे, मी मागायला आलेच नव्हते," आजी म्हणाली. "पोरीचं तोंड बघायला आले होते. पण दिलं तेव्हा 'नको' म्हणाले नाही, ही माझी चूक. अख्खं गाव आलं. एकानं तरी विचारलं का, की बाई, तुझी तब्येत कशी आहे, तू जेवतेस काय? तिला वाटलं, हात आखडला तर आपण तिला परकी करू. तसं कुणी वाटायला लावलं? आपणच ना!"

क्रिसांतो ओक्साबोक्शी रडला.

लुडिविना दवाखान्यातून घरी आली, पण वाचा परतली नाही. पुरिता तिला भेटायला आली आणि खाटेपाशी बसली. लुडिविनाचा डावा हात हळूहळू वर गेला आणि कानातला डूल चाचपडत काढू लागला. पुरितासाठी!

"नको गं बाई, नको!" पुरिताने तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला.

क्रिसांतोने बहिणीचा हात धरला. "मनांग, तू आलीस ना, बास झालं. कुणाला काही द्यायचं नाही आता."

मंडळी, लांबून आलेल्या माणसाला आधी पाणी द्या, बसवा, बरं आहे का विचारा. जो नेहमी देतो, त्यालाही काही हवं असतं. हे क्रिसांतोला कळलं, पण फार उशिरा. आता दारात कुणी आलं की तो धावत खाटेपाशी जातो, कारण मनांगचा हात तोवर कानाकडे निघालेला असतो.