निळा जाळ

एकसष्टच्या संक्रांतीला सगुणाबाईनं गाई तळ्यावर नेल्याच नाहीत. गोठ्यातच धुवायला काढल्या, आणि त्याही बंगळूरला मल्लेश्वरमच्या दुकानातून आणलेल्या कपडे धुवायच्या नव्या पावडरीनं. पुड्यावरची बाई पांढरंशुभ्र लुगडं नेसून हसत होती. तशाच आपल्या गाई दिसायला हव्यात, असं सगुणाबाईच्या मनानं घेतलं. संध्याकाळी गावची गुरं पेटत्या पेंढ्यावरून उडवतात, तेव्हा सगळ्यांनी हिच्याच गाईंकडं बघायला हवं ना!

"अक्का, स्वल्प मला बी दे की," शेजारची सोयराबाई म्हणाली.

"घे की! फेस बघ कसला येतोय!"

तो फेस गोठ्याच्या नाल्यातून शेणामुतासकट थेट परसातल्या गॅसच्या खड्ड्यात उतरला. तिच्या नवऱ्यानं, मालोजीनं, केवढ्या हौसेनं तो खड्डा बांधला होता. चुलीच्या धुरानं सगुणाबाईचे डोळे अधू होत चालले होते. आणखी धूर खाल्ला तर दिसायचं बंद होईल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. शेणाच्या गॅसवर पहिल्यांदा निळा जाळ पेटला, त्या दिवशी बिचारी शेगडीपुढं बसून रडली, आणि तेही धुराशिवाय.

संक्रांतीच्या संध्याकाळी गाई जाळावरून उडाल्या, लोकांनी तोंडात बोटं घातली. बाई फुलून गेली. पण आठवडा गेला नाही तोच निळा जाळ बारीक होत होत विझला.

मालोजीनं खड्ड्यात काठी घालून ढवळलं. वर नुसता फेस. "शेण आंबंना झालंय. काय घातलंस गं ह्यात?"

"गाई धुतल्या वो... त्या पावडरीनं."

"आंबलं तर गॅस! मारलंस की सगळं!"

"उपसू या. ताजं शेण कालवू."

"आन् पाणी? हिरीत प्यायपुरतंच हाय. तळं बघून ये जा."

तळ्याच्या काठाला बायांची रांग लागली होती. हिच्या गाई बघून सगळ्या गावानं पावडर आणली होती. कपडे, भांडी, गुरं, सगळं तिथंच चाललेलं, आणि पाण्यावर फेसाची साय धरलेली.

"अक्का, तुझ्यामुळं कळलं बघ!" सोयराबाई आनंदानं ओरडली. तिला काय सांगणार, कपाळ!

घरी येऊन सगुणाबाईनं चूल पेटवली. भात शिजेस्तोवर डोळ्यांना धार लागली, समोरचं पातेलंही दिसेना. ते काळंकुट्ट झालेलं. राखेनं घासून मनगटं दुखली, तरी काजळी निघेना. तिला स्वतःचीच चीड आली. मग चाचपडत तिनं फडताळावर हात नेला आणि हसऱ्या बाईचा पुडा खाली काढला.