खोल्याची गाठ

मुरुडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात नीराबाईच्या घरच्या गाठीचा मोठा बोलबाला होता. डोल जाळ्याच्या शेपटाला, जिथे सगळी मासळी साठते त्या खोल्याला, ती गाठ मारायची. कितीही भार येवो, सरकायची नाही. गाठ बायकांच्याच हातची; शिकवायची मात्र सुनेला, लेकीला कदापि नाही. लेक परक्याच्या घरी जाते, जाताना घरचं शहाणपण कशाला बांधून द्या? हा कायदा कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पाळायला सगळे पुढे.

नीराबाईची लेक राही हुशार. कुडाच्या फटीतून बघून बघून दहाव्या वर्षी तिने ती गाठ हुबेहूब मारली. शाबासकी राहिली बाजूला, नीराबाईने आकाशपाताळ एक केलं. तिच्याच हट्टापायी नवऱ्याने, कोंडाजीने, राहीचा हात तिच्या तीन वर्षांच्या भावाच्या, गुणाजीच्या डोक्यावर ठेवला आणि वदवून घेतलं, "भाव जिता हाय तवर ही गाठ मारनार न्हाय." पोर रडत रडत बोलली. अशी शपथ घालणाऱ्यानेच सोडवायची असते, आणि कोंडाजी पुढे पटकीत गेला.

बावीस वर्षं लोटली. गुणाजीची बायको काशी पहिल्याच बाळंतपणात गेली, गाठ शिकायची राहिली. नीराबाईची बोटं वाताने आखडली. त्यात एकतीस सालच्या पावसाळ्यात उंदरांनी खोला कुरतडला, नारळी पुनव पंधरा दिवसांवर असताना! शेजारणीने चार दिवसांत विणून दिला असता. पण दुसऱ्याच्या हातचा खोला लावायचा म्हणजे नाकच कापून द्यायचं की! नीराबाईला पोटापेक्षा नाक मोठं.

बातमी ऐकून राही सासरहून, दिघीहून तरीने आली. बसल्या बसल्या तिने सुई उचलली.

"आये, दोन दिसांत इनते."

नीराबाईने सुई हिसकावली. "भावाच्या जिवावर उठलीस काय?"

"मग सुटली म्हन शपथ."

"घालनारा गेला. मी कशी सोडू?"

गुणाजी हसला. "मी काय शपथेनं मरत न्हाय, आये. इनू दे तिला."

पण म्हातारीने अन्न सोडलं. दुसऱ्या दिवशी राही आली तशी परत गेली.

पुनव झाली, सगळ्यांच्या होड्या दर्यात गेल्या. गुणाजी किनाऱ्यावर बसून राहिला. खोला नसलेलं जाळं म्हणजे बूड नसलेली घागर. शेवटी तो करमअली शेठच्या नारळाच्या गलबतावर खलाशी म्हणून चढला. "चार दिसांत येतो," म्हणाला. भादव्याच्या वादळात गलबत बुडालं. तिसऱ्या दिवशी लाटांनी गुणाजीला किनाऱ्यावर आणून टाकलं.

तेराव्याची माणसं पांगली. राही ओटीवर बसली, जाळं मांडीवर ओढलं आणि खोला विणू लागली. नीराबाई दारात उभी राहून बघत होती. या खेपेला तिने अडवलं नाही.

"बघतीस काय, आये?" राहीने मान वर केली नाही. "आता कुनाची शपथ?"

नीराबाई खाली बसली. आखडलेल्या बोटांनी तिने ती गाठ धरली आणि सगळा जोर लावून ओढली. सुटावी, म्हणजे तेव्हा राहीला अडवलं ते चुकलं नाही असं म्हणता येईल, असंच तिला वाटत होतं. गाठ सरकली नाही, आणि ते जाळं दर्यात न्यायला घरात कुणी उरलं नव्हतं.