मोफत जेवणाची पाटी

आर्डेल स्टॅलिंग्ज शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली त्याला दोन वर्षं झाली होती, पण समोरचा माणूस जेवलाय की उपाशी आहे हे चेहऱ्यावरून ताडायची तिची सवय काही सुटली नव्हती. बार्लो क्रीकमधल्या निम्म्या माणसांना तिने लहानपणी ताटात वाढलेलं. गावात सगळे तिला मिस आर्डेल म्हणत, आणि मोठमोठे बाप्येसुद्धा तिला जरा टरकून असत. मी तिची शेजारीण, त्यामुळे तिच्या प्रत्येक उचापतीत माझी फरफट ठरलेली.

आमच्याकडे शुक्रवारी शाळेची अमेरिकन फुटबॉलची मॅच सातला सुरू होते, पण चारपासूनच मैदानाबाहेरचं पटांगण भरतं. लोक पिकअप गाड्या उलट्या लावतात, मागची फळी खाली पाडतात, तंबू ठोकतात, शेगड्या पेटवतात आणि आपापल्या गोतावळ्यात बसून खातात-पितात. ह्या टेलगेटवर अलाबामात लग्नं जमतात आणि मोडतातही. गेल्या वर्षी कुणीतरी आपल्या तंबूभोवती दोरी बांधली. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांनीच बांधल्या. सुताची गिरणी बंद पडल्यापासून ज्यांची ओढाताण चालली होती, ती माणसं पोराबाळांना घेऊन दोन दोऱ्यांच्या मधल्या वाटेने तिकिटाच्या खिडकीकडे जायची, आणि दोन्ही बाजूंनी मांसाचा खमंग धूर.

आर्डेलचं डोकं फिरलं ते तिथे. ऑगस्टमध्ये शाळेच्या फुटबॉल क्लबच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली की घरच्या पहिल्या मॅचला एक तंबू बिनदोरीचा असेल, जो येईल तो जेवेल, आणि स्वयंपाक ती करेल. क्लबचा अध्यक्ष क्लोव्हिस रेनी. त्याचं ट्रॅक्टरचं दुकान आहे आणि त्याला भाषण करायला आवडतं. त्याला कल्पना फारच पसंत पडली, म्हणून त्याने लगेच समिती नेमली.

समितीच्या चार बैठका झाल्या. पहिली कागदी रुमालांच्या रंगावर गेली. दुसरीत तंबूत कुत्र्यांना येऊ द्यायचं की नाही यावर दोन बायकांचं बोलणं बंद झालं. तिसरीत क्लोव्हिसने एक अर्ज आणला. जेवणाऱ्याने नाव, पत्ता आणि घरात माणसं किती ते लिहायचं, म्हणजे पुढे आभाराचं पत्र पाठवता येईल. आर्डेलने तो अर्ज चार घड्या करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. चौथ्या बैठकीला ती गेलीच नाही. पुढे जे झालं ते त्या बैठकीत ठरलं होतं.

मॅचच्या दिवशी सप्टेंबरचं ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. आर्डेलचा थोरला भाऊ व्हर्जिल पहाटेपासून डुकराचे खांदे मंद धुरावर भाजत बसला होता. त्याच्या शेगडीची धुराची झडप गंजून अर्धवट अडकली होती. ते सगळ्यांना दिसत होतं, त्याला सोडून. आर्डेल दर अर्ध्या तासाने सांगायची, कडा करपतायत. तो म्हणायचा, तू कोबी बघ. बीन्सची दोन पातेली तयार होती, मक्याचा पाव झाला होता, शेंगा उकडत होत्या, थंड गोड चहाची पिंपं भरली होती. कोबी मात्र निम्मा चिरायचा राहिला होता, कारण समितीतले ज्यांनी हात लावायचं कबूल केलं होतं ते आपापल्या दोऱ्यांच्या आत बसले होते.

कोपरापर्यंत कोबीत हात घातलेले असताना आर्डेलला तंबूवर हातोड्याचा आवाज ऐकू आला. बाहेर येऊन पाहते तर क्लोव्हिसने खिळे ठोकून चौदा फुटांची मेणकापडाची पाटी दोऱ्यांनी ताणून बांधलेली. ‘गरजू बंधुभगिनींसाठी मोफत भोजन.’ खाली त्याच्या दुकानाचं नाव, त्याच्याखाली ट्रॅक्टर.

तिने त्याला पाटी काढायला सांगितलं. तो म्हणाला, समितीत ठराव झालाय. तेवढ्यात मांस कापायची वेळ झाली आणि तिला आत जावं लागलं.

सर्वांत आधी आला तो दातांचा डॉक्टर, बायकोसह. मग बँकेतली मंडळी, मग विमावाला. त्यांना त्या पाटीचं काहीच वाटलं नाही, ती आपल्यासाठी नाही याची त्यांना खात्री होती. त्यांनी ताटं भरभरून घेतली, आर्डेलच्या बीन्सची तारीफ केली, आणि विमावाल्याने घरी न्यायलाही बांधून मागितलं. क्लोव्हिस प्रत्येकाशी हात मिळवत फोटो काढून घेत होता. आणि पलीकडे तारेच्या कुंपणापाशी तीसेक माणसं खिशात हात घालून उभी होती. बोलत होती एकमेकांशी, बघत होती आभाळाकडे.

त्यांच्यात ओरिन मीक्स होता. गिरणीत माग दुरुस्त करायचा. सोबत बायको ओलेटा आणि तिची आई, म्हातारी मिसेस प्रूइट. मी एक ताट भरून त्यांच्याकडे नेलं. ओरिनने टोपी काढली आणि म्हणाला, "आभारी आहे, पण आम्ही जेवून आलोय." साडेचार वाजले होते. म्हातारीची नजर ताटावरून हलत नव्हती. मी ताट घेऊन परत आले, तेव्हा माझे कान तापले होते.

आर्डेलने माझ्या हातातलं ताट पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, मग वर पाटीकडे. सुरी ॲप्रनला पुसली, स्टुलावर चढली आणि पाटीच्या दोऱ्या कापल्या. पाटी दातांच्या डॉक्टरच्या खांद्यावर पडली.

क्लोव्हिस धावत आला. "मिस आर्डेल, ती मी स्वतः करून घेतलीय."

"मग घरी लाव. दिवाणखान्यात शोभेल."

तशीच ती कुंपणापर्यंत गेली. मला वाटलं आता काहीतरी गोड बोलेल. पण सकाळपासून साठलेला सगळा वैताग तिने त्या माणसांवरच काढला.

"ओरिन मीक्स, तू गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचास ना?"

"हो, मॅम."

"मग इथे खांबासारखा काय उभा राहिलायस? माझ्या भावाची झडप अडकलीय, मांस करपतंय आणि त्या गाढवाला ते पटत नाही. चल." आणि बाकीच्यांकडे वळून, "आभाळ उद्याही तिथेच असेल. माझा कोबी पडलाय चिरायचा. बर्फ उचलायचाय. मी एकटी किती मरू?"

ती मागे न बघता परत आली. पाच-सात पावलांनी ओरिन निघाला, त्याच्यामागे ओलेटा आईचा हात धरून, मग बाकीचे. एकानेही त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण आर्डेल लगेच विमावाल्याला बर्फ आणायला पिटाळत होती. तो म्हणाला, मी तर पाहुणा आहे. ती म्हणाली, पाहुणा दुसऱ्यांदा वाढून घेत नाही.

कोबी चिरायला टेबल कमी पडलं. क्लोव्हिस गुंडाळलेली पाटी काखेत धरून फुरंगटून उभा होता. म्हातारी मिसेस प्रूइटने त्याला चहाचं पिंप वाकडं धरायला सांगितलं. पिंप धरायचं तर पाटी खाली ठेवणं भाग होतं. ती त्याने ठेवली, आणि ओलेटाने ती उचलून पालथी करून दोन फळ्यांवर अंथरली आणि वर कोबी मांडला. क्लोव्हिस तोंड उघडणार होता, पण म्हातारी म्हणाली, "सांडतोयस."

ओरिनने झडप दहा मिनिटांत सोडवली. व्हर्जिलचं तोंड तेवढ्याने आंबट झालं. वर कापलेल्या मांसाचा एक तुकडा ओरिनने तोंडात टाकला, बराच वेळ चावला, आणि सांगितलं की हे अजून तासभर झाकून ठेवायला हवं होतं. व्हर्जिल उठून आपल्या गाडीत जाऊन बसला. मग चिमटे ओरिननेच हातात घेतले. सगळ्यांनी काम केलं आणि काम करता करता जेवले. कोण कोणाला वाढत होतं, कोण पाहुणा आणि कोण यजमान, हे सहा वाजता मलाही सांगता आलं नसतं. म्हातारीने तीन ताटं खाल्ली आणि चहात साखर कमी आहे म्हणून पुन्हा घातली.

तुम्हाला वाटेल आर्डेल सुखावली असेल. छे. तिला न विचारता कोबीत व्हिनेगर पडलं होतं, बीन्समध्ये कोणीतरी मोहरीची चटणी ढवळली होती, आणि एक बाई तिलाच समजावत होती की मक्याच्या पावात मैदा घालणं पाप आहे. तिने दोनदा ॲप्रन काढून फेकला आणि दोनदा परत बांधला.

आम्ही मैदानात पोचलो तेव्हा शेवटचा डाव चालू होता. आमची पोरं चौतीस-सहाने हरली. व्हर्जिल तोवर गाडीतच होता. आर्डेलने काचेवर टकटक करून त्याला ताट दिलं. त्याने ते घेतलं, पण काच लगेच वर केली.

सोमवारी सकाळी ओरिन तिच्या दारात उभा. हातात तेलाच्या पिंपापासून बनवायच्या शेगडीचा नकाशा, मापांसकट. आर्डेल म्हणाली, मी तुला काही सांगितलेलं नाही. तो म्हणाला, नाही मॅम, आणि पट्टी काढून तिच्या पिकअपची मागची फळी मोजू लागला.

मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. अर्धा तास ती माझ्यापाशी बडबडत होती. अकरा जणांचे फोन आले म्हणे, अकराच्या अकरा जणांनी तिचं काय चुकलं ते सांगितलं. एकतीस वर्षं तिने गावाला जेवू घातलं, कुणाची तक्रार नव्हती. आता ज्याला बघावं तो मालक. पुढच्या वेळी हे लष्कर कोण आवरणार, तिच्याने होणार नाही.

"मग नको करूस," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मूर्ख. मग विचारलं की माझ्या नणंदेचं ते मोठं पातेलं अजून आहे का. मी हो म्हणायच्या आत फोन वाजला. तिने उचलला, दोन क्षण ऐकलं, डोळे मिटले.

"नाही, ओलेटा," ती म्हणाली, "चहात आणखी साखर पडणार नाही. आणि येताना तुझी किसणी आण, माझी बोथट झालीय."