फार कमी चाललेली

मी एक विटकरी रंगाची, डिझेलवर चालणारी छोटी एसयूव्ही बोलतेय. टायरला लाथ मारून गाडीतलं काहीही कळत नाही, तरी बघायला येणारा प्रत्येक जण आधी तेच करतो. तुम्हीही खुशाल मारा. पण काचेवरची पाटी वाचून तुमचे डोळे चमकले, ते मी पाहिलं. 'एकाच मालकाची, जपून वापरलेली, फार कमी चाललेली.' त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणूनच म्हणते, जरा ऐकून घ्या.

माझ्या मालकांचं औषधांचं दुकान आहे. गोळ्या मोजायच्या सवयीने हा माणूस सगळंच मोजतो. शोरूममध्ये आले तेव्हा खिशात टेप घेऊनच आले होते. घराचं फाटक अरुंद, म्हणून माझी रुंदी आरशांसकट मोजली. मग चक्क फरशीवर आडवे झाले आणि माझ्या पोटाखाली हात घालून वितीने उंची मोजू लागले. शोरूममधली बाई हसू दाबत बाजूला उभी होती.

एवढी उंची कशाला हवी होती, ते सांगते. मालकीणबाईंची थोरली बहीण सहा-सात तासांच्या अंतरावर, डोंगरावरच्या एका छोट्या गावात एकटीच राहायची. आई लवकर गेली, तेव्हा बाईंना वाढवलं ते या ताईंनी. त्यांच्या घराकडे जाणारी शेवटची वाट म्हणजे नुसता चढ आणि दगडधोंडे. बाई दरवर्षी बसने जायच्या, फाट्यावर उतरायच्या आणि बॅग घेऊन ती वाट चढायच्या. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मालक म्हणाले, आता पुरे, आपण गाडी घेऊ, तुला थेट ताईच्या दारात उतरवतो.

तर दगडांवर घासू नये म्हणून मी उंच, फाटकातून आत यावी म्हणून आटोपशीर, आणि लांबचा पल्ला नि घाट म्हणून डिझेलची. शोरूममधल्या बाईने विचारलं होतं, रोजचं रनिंग किती आहे, कमी असेल तर पेट्रोल बरी. मालक म्हणाले, आमचं लांबचं असतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

रंग मात्र मालकीणबाईंनी निवडला. मालकांना पांढरा हवा होता, पुढे विकताना बरा पडतो म्हणून. बाई म्हणाल्या, ताईच्या ओट्यावरून खालचं वळण दिसतं, तिला मी लांबूनच ओळखू आले पाहिजे.

घरात टीव्हीचा आवाज आणि गिऱ्हाइकांचे फोन, म्हणून बाई ताईंशी बोलायला अंगणात माझ्यात येऊन बसायच्या. फोन माझ्या स्पीकरला जोडलेला असायचा, त्यामुळे ताईंचा आवाज मी पहिल्या आठवड्यातच ऐकला. खणखणीत होता.

"गाडी आली म्हणे धाकटे. रंग कुठला घेतलास?"

"विटकरी. तुझ्या कौलांसारखा."

"मग येतेस कधी?"

"पुढच्या महिन्यात, ताई."

मी अगदी हुरळून गेले. ती वाट, ते वळण, तो ओटा मी न पाहताच पाठ केला होता. पण पुढच्या महिन्यात मी रोज गेले ती दुकानात. दुकान इतकं जवळ की मालक चष्मा विसरले तर चालत जाऊन घेऊन येतील. सकाळी दुकान, संध्याकाळी घर, रविवारी भाजी. माझं इंजिन धड तापायचंही नाही, तोवर उतरायची वेळ यायची.

मालक वाईट होते असं नाही. मला त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. अंग पुसायला वेगळं मऊ फडकं, काचेला वेगळं. टायरमधली हवा, तेलपाणी, सर्व्हिसची तारीख, एकही गोष्ट कधी चुकली नाही. सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही, असा नियमच होता. उन्हाळ्यात पाठी चिकटायच्या, पण प्लॅस्टिक राहिलं. एकदा शेजारचं मांजर माझ्या बॉनेटवर झोपलं, तर हा पोक्त माणूस हातात चप्पल घेऊन अंगणभर त्याच्या मागे धावला. माझं खरं खाणं म्हणजे रस्ता. तेवढाच काय तो मिळाला नाही.

घोडं कुठे पेंड खात होतं, असं विचाराल तर माझ्यापाशीच. कधी पावसाने वाट उखडलेली, मग गाडी खालून घासेल. कधी टायर नवे घालू आणि मग जाऊ. कधी दुकानातला माणूस सुट्टीवर. शेवटी एकदा बाईंनी बॅग भरली आणि म्हणाल्या, मी आपली बसने जाऊन येते.

मालकांचा चेहराच पडला. "दारात गाडी असताना बसने? ताई काय म्हणेल? लोक काय म्हणतील? थोडी कळ काढ, मी नेतो म्हटलंय ना."

बाईंनी बॅग परत कपाटावर ठेवली. माझी सगळ्यात मोठी खंत हीच आहे. मी नव्हते तेव्हा बाई दरवर्षी बहिणीकडे जायच्या. मी आले आणि त्यांचं जाणं थांबलं.

मग माझा पिवळा दिवा लागायला सुरुवात झाली. आम्हा डिझेलच्या गाड्यांच्या धुराच्या नळीत एक गाळणी असते. काजळी तिच्यात अडकते. गाडी मोकळ्या रस्त्यावर चांगली पळाली की नळी तापते आणि काजळी जळून जाते. रोज दोन वळणं जाऊन थांबणाऱ्या गाडीत ती नुसती साठत राहते. हे बाईंना कळलं, कारण दुकानाबाहेर वाट बघताना माझ्या खणातली पुस्तिका वाचायची त्यांना सवय होती. त्यांनी मालकांना सांगितलं, हिला लांब पळवावं लागतं, नाहीतर हिचा श्वास कोंडतो. मालक म्हणाले, या रविवारी हायवेला एक फेरी मारू. त्या रविवारी दुकानात मालाची मोजणी निघाली.

एकीकडे फोन चालूच होते.

"गाडी घेतलीस म्हणे. रंग कुठला?"

"अगं सांगितलं की, विटकरी." बाई हसल्या.

पुढच्या आठवड्यात ताईंनी तेच विचारलं, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. बाईंचं हसणं बंद झालं. मग त्या दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारख्या सांगायच्या. विटकरी ताई, तुझ्या कौलांसारखा. फोन ठेवला की स्टिअरिंगवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहायच्या. मला फार वाईट वाटायचं. चाकं माझी, पण किल्ली दुसऱ्याकडे.

एका दुपारी ताईंच्या शेजारणीचा फोन आला. म्हणाली, ताई काल आपलंच स्वयंपाकघर शोधत होत्या, तुम्ही या लवकर. त्या संध्याकाळी बाई आवाज न चढवता म्हणाल्या, उद्या निघायचं, तुम्हाला दुकान उघडायचं असेल तर उघडा, मी जाते. मालकांनी दुकान बंद ठेवलं.

सपाटीला मी छान पळाले. पण काजळी आता जळण्यापलीकडे गेली होती. अर्ध्या घाटात माझी छाती भरून आली, एकामागून एक दिवे लागले आणि माझी शक्तीच गेली. मी पाय ओढत होते, मागचे ट्रक हॉर्न मारत होते. मालकांनी मला कडेला घेऊन बॉनेट उघडलं. आतून मी बाहेरच्याइतकीच चकचकीत होते, पुसण्यासारखं काही नव्हतं. शेवटी दार दोरीने बांधलेली एक जुनी, बुटकी, पांढरी टॅक्सी थांबली आणि दोघांना घेऊन वर गेली. ती त्या दगडांवरून कुरकुर न करता चढली, असं नंतर कळलं. मी तिथेच चढाकडे तोंड करून उभी राहिले. आयुष्यात एकच काम होतं, तेही मला जमलं नाही.

मला गॅरेजमध्ये ओढून आणलं. बाई ताईंजवळ राहिल्या, मालक एकटेच परतले. दुसऱ्या दिवशी ते गॅरेजात आले. फोरमन म्हणाला, गाळणी गेली, नवी मागवावी लागेल, भाग यायला वेळ लागतो. मालक बराच वेळ माझ्या बॉनेटवर बोट फिरवत उभे राहिले. मग त्या अनोळखी माणसाला म्हणाले,

"मेहुणी ओट्यावर बसली होती. माझ्या बायकोला म्हणाली, बसा हो. माझी धाकटी यायचीय, विटकरी गाडीतून. तुम्ही तिच्याबरोबरच्या का?"

फोरमनने हातातला पाना खाली ठेवला.

"आम्ही पांढऱ्या टॅक्सीतून गेलो होतो. गाडी जरा लवकर द्या. रंग बघून तरी ओळखेल ती."

फोरमनने खरंच खटपट केली, रोज फोन केले. पण भाग यायचा तेव्हाच आला. ताईंनी तेवढी वाट पाहिली नाही.

मग मालक बाईंना आणायला निघाले. दुकानाला कुलूप, कधी उघडणार याची पाटीसुद्धा नाही. बैल गेला नि झोपा केला. त्या दिवशी मी अशी पळाले की बस. घाट कधी सरला ते कळलं नाही. खालच्या वळणावर आले तेव्हा वर ओटा दिसला, मी मनात पाठ केला होता तसाच. ओट्यावर बाई एकट्याच बसल्या होत्या. मी त्यांना लांबूनच ओळखू आले.

दगडांच्या वाटेवरून मी थेट दारात जाऊन उभी राहिले. मालक उतरले आणि सवयीने वाकून माझ्या पोटाखाली बघितलं.

"कुठेच घासली नाही गं," ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, "घासणारच नव्हती. त्यासाठीच तर घेतली होती."

परतीच्या वाटेवर बाई एवढंच म्हणाल्या की ताई रोज मलाच सांगायची, धाकटी येणारेय, आणि मी म्हणायचे, हो, येईल हं. मालकांनी मला कडेला थांबवलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो मोजून मापून वागणारा माणूस हुंदके देऊन रडला. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण त्या बाहेरच बघत होत्या.

त्यानंतर बाई माझ्यात बसल्या नाहीत. कुठे जायचं तर बसने जातात. मालक दुकानात चालत जातात. काचेवरची पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली आणि परवा पहिल्यांदा माझ्या सीटवरचं प्लॅस्टिक काढलं.

आता तुम्ही आला आहात. इंजिन ऐका, कागद बघा, भावही करा. मी अजून दणकट आहे, घाटाला भीत नाही. फक्त घेण्याआधी घरी एकदा विचारा, कुणाला कुठे जायचंय ते. मग माझ्यावर धूळ बसू दे, ओरखडे पडू देत, पण घेऊन जा. आणि त्यातूनही तुम्हाला सवड झाली नाही आणि कुणी म्हणालं, मी आपली बसने जाऊन येते, तर हात जोडते, तिला अडवू नका.