सोप्या वाटेचा पारखी

जन्मभर लोकांना शिखरावर नेणाऱ्या माणसाला म्हातारपणी बटाट्याच्या शेताच्या बांधावरून चालायला लावायचं, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला बादलीत उभं करण्यासारखंच. सगळं गाव त्याला वाटाड्या म्हणायचं. डाव्या खुब्याचं हाड मोडलं, ते जुळलंही, पण पाय पूर्वीसारखा उचलेना. तेव्हापासून तो काठी टेकत घरातल्या घरात येरझारा घालायचा आणि डोंगराच्या बाजूची खिडकी लावून घ्यायचा. ऐट मात्र तीच. सुंभ जळाला तरी पीळ काही गेला नव्हता. कुणी विचारलं, "दुखतंय का?" तर हा उलट विचारायचा, "कुणाला?"

त्याची लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सुट्टीच्या दिवशी ती फिरस्ती मंडळात जायची. हे मंडळ डोंगरांच्या नादी लागत नसे. नदीकाठच्या, कुरणांमधल्या, शेतांच्या कडेच्या वाटा शोधायच्या, मालकांची परवानगी काढायची आणि पाट्या लावायच्या, म्हणजे ज्यांना चढवत नाही त्यांनाही मोकळ्या हवेत हिंडता येईल, एवढाच त्यांचा उद्योग. वाटाड्याने त्यांचं नाव 'सपाट मंडळ' ठेवलं होतं. "जमिनीवर चालायला कसली आलीय वाट? पाय खाली टाकला की झालं!" असं तो म्हणायचा आणि लेक चहा गाळत राहायची.

मंडळाचा एक रिवाज मात्र कडक होता. एखाद्या वाटेला 'सोपी' म्हणायचं, तर आधी मंडळाने आणलेल्या सगळ्यांत अधू पायाच्या माणसाने ती शेवटपर्यंत चालायची. त्याला कुणी हात द्यायचा नाही आणि चालू असताना "कसं काय?" असं विचारायचंही नाही. शेवटी त्या माणसाने पाटीवर अंगठ्याने पिवळा ठिपका लावला, तरच वाट सोपी. त्याला पारखी म्हणत आणि त्याचा शब्द अखेरचा. आधीच्या पारखी होत्या एक निवृत्त नर्सबाई. त्यांनी नवे गुडघे बसवून घेतले आणि त्या अशा टणाटण चालू लागल्या की बिचाऱ्यांचं पदच गेलं.

नेमकी तेव्हाच लेकीची पहिलीवहिली वाट तयार झाली.

"बाबा, माझी वाट तुम्ही पारखायची," ती म्हणाली.

"म्हणजे अख्ख्या गावात लुळा मीच सापडलो?"

"हो. तुमच्याइतका लुळा कुणी मिळाला नाही. उद्या सकाळी निघायचंय, टोपी घ्या."

बापाचीच लेक ती. त्याने दार आपटलं, पण सकाळी टोपी घालून तोच आधी तयार होता.

मंडळातली पाच-सहा माणसं मागून येत होती. पुढे वाटाड्या, त्याच्या बाजूला लेक. सुरुवातीला तो नाक मुरडूनच चालला. मग त्याच्या लक्षात येऊ लागलं. ओढ्यावर टाकलेल्या फळ्यांवर तिने घसरू नये म्हणून जाळी ठोकली होती. जिथे दम लागतो, बरोबर तिथेच बसायला ओंडका होता आणि तिथून खोऱ्यातली दूरवरची शेतं दिसत होती. वाट तिने मुद्दाम मक्याच्या आडून नेली होती. नदी बराच वेळ दिसेनाशी व्हायची आणि वळणावर एकदम पायाशी यायची, संथ, रुंद, पलीकडे चरणाऱ्या गाईंसकट. डोंगरावर तोही हेच करायचा, शिखर लोकांपासून शेवटपर्यंत लपवून ठेवायचा. हे तिला त्याने कधी शिकवलं नव्हतं. पोर आपल्याच हाडाची आहे, हे त्याला कळलं आणि त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग आडवं आलं दगडी कुंपण. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी नव्याकोऱ्या लाकडी पायऱ्या होत्या आणि धरायला भक्कम खांब.

"मालक फाटक करू देईना, गाई बाहेर पडतात म्हणून," लेक म्हणाली. "मग सुताराच्या मागे लागून या करून घेतल्या. मापं माझीच!"

वाटाड्याने उजवा पाय वर टाकला. डावा उचलायला गेला, तर तो अर्ध्यावरच लोंबकळला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तेव्हा त्याने दोन्ही हातांनी खांब धरला आणि पोतं वर ओढावं तसं स्वतःला वर ओढलं. कड्यांवर घडलेले हात ते, अजून दगा देत नव्हते. पलीकडे उतरल्यावर त्याने शीळ घालत टोपी सारखी केली. खुब्यात कळ मारत होती, पण चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही.

थोडं पुढे पुलापाशी वाट संपली. तिथे पाटी तयार होती. लेकीने पिवळ्या रंगाचा डबा उघडला. उन्हातान्हात मालकांची दारं झिजवून, सुट्ट्या घालवून केलेली वाट, आणि आता फक्त एका ठिपक्याचा प्रश्न. वाटाड्याने अंगठा रंगात बुडवला.

लावावा ठिपका. कुणाला कळणार आहे? पोरीचं तोंड बघून तरी लावावाच. मग त्याच्या मनात आलं की पाटी वाचून उद्या कुणीतरी एकटं येईल, याच्यासारखाच पाय घेऊन, पण याच्यासारखे हात नसतील त्याचे. त्या पायऱ्यांवर मध्येच अडकून बसेल. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही, आणि इथे तर भीक दुसऱ्यालाच मागावी लागणार होती.

"नाही," तो म्हणाला. "वाट सोपी नाही."

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "पारख्याचा शब्द अखेरचा," त्या हळूच म्हणाल्या.

लेकीचा चेहरा उतरला, पण तिने विचारलं, "कुठे अडलं, बाबा?"

"पायऱ्यांवर. मी पायांनी चढलोच नाही, हातांनी चढलो. डावा पाय उचलतच नाही गं. घरी मी तुला खोटं सांगतो." डॉक्टरलाही न सांगितलेली गोष्ट तो चारचौघांत सांगत होता. "बाकी वाट मात्र अशी आहे, की मी केली असती तर जन्मभर मिरवली असती."

मागून मंडळातले बेकरीवाले काका खाकरले. "मी तर बसून बसून उतरलो. म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाला जमतंय, तर आपण कशाला तोंड उघडा?"

हशा पिकला. लेकीने डोळे पुसले. "मी माझ्या पायाने मापं घेतली," ती म्हणाली.

"सगळे तेच करतात. मीही लोकांना माझ्याच पायाने चालवलं."

"चला मग," ती म्हणाली आणि त्याच्या पावलाने चालत सगळे पुन्हा कुंपणापाशी आले. तिने पर्समधून पेन्सिल काढली आणि सरळ मातीत गुडघे टेकले. "उचला डावा. जितका उचलतो तितकाच."

वाटाड्याने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग खांबाला हात न लावता पाय उचलला. जेमतेम विटेएवढा आला.

"बघून घे नीट," तो मोठ्याने म्हणाला. "पायरी एवढीच हवी. एक तसूही वर नको."

लाज वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण लाज कुठेच नव्हती. त्याची लेक वाट बांधत होती आणि माप त्याच्या पायाचं घेत होती. पाय लटपटू लागला, कपाळावर घाम आला. पण खांबावरची तिची रेघ पुरी होईपर्यंत त्याने तो खाली टेकवला नाही.