मैना उठली का?

“पोटात आहे तोवर मैनाच म्हणायचं हं. खरं नाव नंतर.”

बायकोचा तो आवाज फार जुना. मैना आली, पण जिवंत नव्हती, असं डॉक्टरांनी बाहेर येऊन त्याला सांगितलं. खरं नाव ठेवायची वेळच आली नाही. पुढं घरात दोघांपैकी कुणी तिचा विषय काढला नाही. दोघंही त्या शब्दाला वळसा घालून चालत राहिले.

तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कॉम्प्युटर ऑपरेटर. मोठा कॉम्प्युटर नवा आला, तेव्हा पडद्यानं विचारलं, या यंत्राचं नाव काय? बोटांनी आपसूक ‘मैना’ लिहिलं. तेव्हापासून रोज सकाळी तो बटण दाबायचा. पंखे घुमायचे, काळ्या पडद्यावर ओळी धावायच्या, त्या ओळींत ते नाव उमटायचं. मग बाकीच्या टेबलांवरचे कॉम्प्युटर त्याच नावानं तिला शोधायचे.

“ऑपरेटरसाहेब, मैना उठली का?”

“कसली उठतेय! रुसलीय.”

“मग पाणी पाजा की तिला. आपलंच तर खातं आहे!”

सगळे हसायचे. तो मान खाली घालून ऐकत राहायचा. दिवसभर कुणी ना कुणी लेकीला हाक मारायचं. त्याला तेवढं पुरायचं.

नव्या मॅडमनी फर्मान काढलं, यंत्रांना नावं नकोत, नंबर हवेत. त्यानं नंबर दिला. दुसऱ्या सकाळी पडद्यावर पुन्हा मैना. पुन्हा नंबर दिला, पुन्हा मैना.

“काका, पोरगी हट्टी आहे तुमची,” टायपिस्टबाई म्हणाल्या.

मॅडम मात्र खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसल्या. बराच वेळ पडद्यावर खालीवर शोधत राहिल्या.

“तुम्ही चालू यंत्राचं नाव बदलताय, काका. सुरू होताना ते जिथून नाव वाचतं, तिथं हातच लावला नाहीत. हे काही चुकून झालेलं नाही.”

त्याची नजर पडद्यावरच्या नावावर होती.

“मी बदलू?”

“नको. मीच करतो.”

एकेक अक्षर खोडून त्यानं नंबर लिहिला. यंत्र बंद करून सुरू केलं. ओळी धावल्या, थांबल्या.

“सात नंबर चालू झाला का हो?” पलीकडून कुणीतरी विचारलं.

“झाला.”

संध्याकाळी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. दारातच उभं राहून त्यानं सगळं सांगून टाकलं. “तिथं रोज मैना म्हणायचे गं तिला. आज मी माझ्या हातानं पुसलं.”

सदऱ्याच्या बाहीवर तिचा हात थांबला. ती रागावेल, असं त्याला वाटलं.

“ती रडली होती,” बायको म्हणाली. “एकदाच. अगदी बारीक. तुम्ही बाहेर होतात. आधीच तुमचं तोंड बघवत नव्हतं, म्हणून नाही बोलले. पण मी ऐकलंय तिला.”